कॉलेजचा रस्ता तहसीलवरून जातो

जालना जिल्ह्यात बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या दुकानापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात गर्दी जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलच्या आवारात जाऊन बघा, सेतूच्या खिडकीपुढं रांग लागलेली असते. पोरगा किंवा पोरगी, सोबत वडील नाहीतर मामा, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत घरातले झाडून सगळे कागद. कुठला लागेल याचा नेम नाही म्हणून रेशनकार्ड, सातबारा, लाइटबिल, आजीचा निराधारचा कागद, सगळंच आणलेलं. उन्हात तास-दोन तास काढल्यावर खिडकीपलीकडचा माणूस सांगतो, तलाठ्याचा अहवाल जोडा. तलाठी आज दुसऱ्या गावी. मग उद्या.

या रांगेतली कितीतरी पोरं पास होऊनही कॉलेजात पोचत नाहीत. दाखला हातात पडतो तोवर प्रवेशाची फेरी उलटून गेलेली असते. मग पोरगा पुण्याला कंपनीत लागतो, पोरीला पाहुणे बघून जातात, आणि गावात सांगताना सगळे सांगतात, ‘त्याला पुढं शिकायचंच नव्हतं.’

गेली काही वर्षं मी या रांगेच्या अलीकडं काम करते. गावातल्या समाजमंदिरात, वाचनालयात, अभ्यासिकेत जी माणसं रोज बसतात, त्यांना तयार करायचं, म्हणजे त्या गावातलं अकरावी-बारावीचं लेकरू कॉलेजच्या वर्गापर्यंत नीट पोचेल, हे आमच्या छोट्या संस्थेचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सुरुवातीला हे काम पोरांना अभ्यासक्रमांची माहिती देण्याचं वाटलं होतं, कारण सगळीकडं तेच चालतं. एक मोठा हॉल, प्रोजेक्टर, ‘बारावीनंतर काय?’ असा बॅनर, पडद्यावर फांद्या फुटलेलं एक झाड आणि प्रत्येक फांदीवर एकेक डिग्री. पोरं टाळ्या वाजवतात, पाहुण्यांचा सत्कार होतो, आणि जूनमध्ये तीच पोरं पिशवी घेऊन रांगेत.

जालन्याला माहितीचं वावडं आहे असं नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या जुन्या बाजारपेठेची. आज शहराबाहेर सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली ती इथंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. १९८१ साली १ मे रोजी जिल्हा झाला, तालुके आठ. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, २०१८ पासून इथं आपलं मराठवाडा केंद्र चालवते. परतूरकडच्या एका वाचनालयात मी विचारलं, आयसीटी कुणाला माहीत आहे का? एक पोरगा हात वर करून म्हणाला, ‘हो, शाळेत कॉम्प्युटरची खोली असती ना, ती.’ शाळेतल्या संगणकाच्या खोलीवर खरंच आयसीटी लॅब अशी पाटी असते. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आमच्याकडं शिकायला येणारी माणसं कोण, ते सांगायला हवं. ड वर्गाच्या वाचनालयाचे एक ग्रंथपाल आहेत. सकाळी किराणा दुकान, संध्याकाळी वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणं अनुदान मिळतं. ड वर्गाचं अनुदान एवढं तोकडं की त्यात कुणाचं घर चालत नाही. उमेदच्या सीआरपी ताई आहेत, बचतगटांच्या वह्या तपासत गावभर फिरणाऱ्या. ग्रामपंचायतीतला केंद्रचालक आहे, ज्याला गाव ‘ऑपरेटर’ म्हणतं. आणि समाजमंदिरात रोज संध्याकाळी अभ्यासिकेचं कुलूप उघडणारा एक तरुण आहे, पोलीस भरतीत उंचीवर थोडक्यात गेलेला. हल्ली तालुक्याच्या गावी अभ्यासिकांना तोटा नाही. पार्टिशन केलेल्या खुर्च्या, एका भिंतीवर एमपीएससीचे नकाशे, दुसऱ्या भिंतीवर भरतीच्या जाहिराती. पण या सगळ्या सोयी डिग्री झालेल्यांसाठी. डिग्रीच्या अलीकडं जे लेकरू अडकलं आहे, ते आपलं काम आहे असं यातल्या कुणालाच वाटलेलं नव्हतं. वाटणार तरी कसं? कुणी सांगितलंच नव्हतं.

मग यांनाच का धरायचं, शिक्षकांना का नाही? शिक्षकांना धरावंच. पण कनिष्ठ महाविद्यालयातले सर तालुक्याहून येतात आणि मेमध्ये त्यांना सुट्टी असते. निकालाच्या दिवसापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात पोराच्या गावात रात्री आठला कोण भेटतं, तर हीच माणसं. शिवाय दारात गेल्यावर यांना बसा म्हणतात. मी गेले तर मलाही बसा म्हणतात, पण चहा देऊन गप्प राहतात.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आता आम्ही पडदाच लावत नाही. येताना प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका माणसाचे सगळे कागद आणायचे, एवढंच सांगतो. आधारकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, रेशनकार्ड. जमिनीवर सतरंजी, त्यावर कागद एका ओळीत, आणि काम एकच: प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर-अक्षर लावून वाचायचं. पहिली दहा मिनिटं हसण्यात जातात. मग हळूहळू आवाज बंद होतो. एका ज्ञानेश्वरचं इंग्रजी नाव आधारवर ‘डी’नं सुरू, मार्कशीटवर ‘जी’नं. एका ताईंच्या मुलीच्या टीसीवर वडिलांचं नाव बाबुराव, आधारवर बाबासाहेब, बँकेत नुसतं बाबू. जन्मतारीख दाखल्यावर १ जून, कारण त्या काळी गुरुजी शाळेत घालताना सगळ्यांची तीच लिहायचे, आणि आधारवर खरी. ‘मॅडम, हे तर माहं स्वतःचंच जुळंना,’ ऑपरेटर म्हणाला. त्यानं गावातल्या कित्येकांचे फॉर्म भरले होते आणि स्वतःचा कागद कधी असा मांडून बघितला नव्हता.

या एका तासानं जे होतं ते माझ्या कुठल्याही भाषणानं झालेलं नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज आधारच्या आधारावर चालतो, पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात येतात. नाव जुळलं नाही की अर्ज लटकतो, खातं जोडलेलं नसलं की मंजूर झालेला पैसा फिरत राहतो. आणि नावाची दुरुस्ती निकालानंतर पंधरा दिवसांत होत नाही. शाळेच्या दप्तरात बदल करायचा तर मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, कधी राजपत्र, असा मोठा फेरा. म्हणून नावं जुळवायची ती अकरावीच्या जूनमध्ये. वेळ हाताशी असताना.

वेळेचंच आमच्या भागात मोठं दुखणं आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या बाजूची पुष्कळ घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. आई आणि वडील मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक, जिथं टोळी लागेल तिथं. घरी आजी आणि बारावीतलं लेकरू. परत येतात ते होळीच्या पुढं, कारखान्याचा पट्टा पडला की. आता सीईटीचं वेळापत्रक बघा. एमएचटी-सीईटीचा अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरायचा. नीटचा अर्ज त्याच सुमाराला. म्हणजे पोराला परीक्षेची फी, वडिलांची सही, जातीच्या दाखल्याचा नंबर, सगळं ज्या महिन्यांत लागतं, नेमकं त्याच महिन्यांत घर फडात असतं. पोरगा फोन लावतो. वडील म्हणतात, ‘आल्यावर बघू.’ आल्यावर बघायला काही उरत नाही. सीईटी दिलीच नाही तर फार्मसी, इंजिनिअरिंग, कृषी, नर्सिंग ही सगळी दारं बंद, मार्क कितीही पडोत.

उत्पन्नाच्या दाखल्याची वेगळीच तऱ्हा. त्याची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. कुणीतरी शहाणपणानं सांगतं की आधीच काढून ठेव, पोरगा फेब्रुवारीत रांगेत उभा राहून काढतो, आणि प्रवेशाच्या वेळी कळतं की दाखला मेला. नॉन क्रीमीलेअरचंही तसंच, मुदत बघूनच घ्यावं लागतं. तेव्हा लवकर काय काढायचं आणि १ एप्रिल उलटल्यावर काय काढायचं, हे पाठ असावं लागतं. आमच्या प्रशिक्षणातलं सगळ्यात उपयोगी साहित्य म्हणजे भिंतीवरचं साधं कालनिर्णय. त्यावर लाल पेनानं दोन गोष्टी लिहायच्या: कुठला कागद कधी, आणि गावातलं कुठलं घर कधी गावात नसतं. एका सीआरपी ताईंनी तर दसऱ्याच्या आधी बचतगटाच्या बैठकीतच टोळीत जाणाऱ्या आयांकडून स्वयंघोषणापत्रांवर सह्या घेतल्या, कागदांच्या झेरॉक्स आजीच्या पेटीत ठेवल्या आणि सीईटीच्या फीचे पैसे उचलीतून काढून बाजूला ठेवायला लावले. मला हे सुचलं नसतं. मुकादम उचल कधी देतो, हे मला माहीतच नव्हतं.

आधीपासून मागं लागावा लागणारा आणखी एक कागद म्हणजे जात वैधता, गावच्या भाषेत व्हॅलिडिटी. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो. पुरावा मागतात तो जुना. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधी घराणं कुठं राहत होतं आणि कागदावर जात काय होती, ते दाखवायचं. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जुने महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. आणि ज्या घरातलं पहिलं लेकरू आत्ता बारावीत आलं, त्या घरात १९६१ सालचा शाळेचा दाखला कुठून यायचा? आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणून तर नात पहिली शिकते आहे. एवढी सरळ गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही, याचा मला दरवर्षी नव्यानं राग येतो.

घनसावंगीकडच्या एका गावातली पोरगी, भटक्या जमातीतली, बारावी विज्ञान, मार्क चांगले. आजोबा निरक्षर, पणजोबांचा पत्ता नाही. किराणा दुकानवाले ग्रंथपाल या घराच्या मागं लागले. मी त्यांना प्रशिक्षणात एवढंच सांगितलं होतं की पुरावा वडिलांच्या बाजूच्या कुठल्याही रक्ताच्या नातेवाइकाचा चालतो, वंशावळीत तो बसला पाहिजे. त्यांनी ते डोक्यात पक्कं धरलं. रोज दुकानावर येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत बसले: तुमच्या भावकीत शाळेची पायरी कोण चढलं होतं? निघता निघता निघालं की आजोबांचे एक चुलत भाऊ लहानपणी मामाच्या गावी राहायचे आणि तिथल्या शाळेत नाव घातलं होतं. दोन महिने गेले, मग गुरं राखायला लागले. ग्रंथपाल मोटरसायकलवर त्या गावी गेले. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं प्रवेश-निर्गम रजिस्टर काढलं. शाई फिकी झालेली, पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण ओळ शाबूत: नाव, बापाचं नाव, गाव, जात, साल. उतारा घेतला, वंशावळीचं शपथपत्र केलं, आणि प्रकरण कॉलेजमार्फत समितीकडं गेलं ते बारावी सुरू असतानाच. निकालाच्या आधी व्हॅलिडिटी हातात. सध्या ती पोरगी बी.फार्मसीला आहे. शाळेत दोन महिने बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हजेरीवर.

२०२३ नंतर अशा शोधाची आमच्या जिल्ह्याला सवयच झाली. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि गावोगावचे लोक जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधू लागले. राजकारण ज्याचं त्याला लखलाभ, पण त्या काळात खासरा पत्रक, कोतवाल बुक, गाव नमुना १४ हे शब्द पारावर बोलले जाऊ लागले. आमच्या केंद्रचालकांना पूर्वी हे समजावायला अर्धा दिवस लागायचा. आता तेच मला सांगतात, मोडी वाचणारे कुठं भेटतात ते.

केंद्रचालकांवरून आठवलं. फॉर्म भरून देणं आणि फॉर्म भरायला शिकवणं यातला फरक त्यांच्या गळी उतरवणं मला सगळ्यात जड गेलं. कारण त्यांच्या दृष्टीनं मदत म्हणजे ‘आण इकडं, मी भरतो’. आणि तो भरतोही झटपट. मोबाइल नंबराच्या रकान्यात पोराचा फोन नसतो, असला तर रिचार्ज नसतो, म्हणून ऑपरेटर स्वतःचा नंबर टाकतो. पासवर्ड स्वतःच ठरवतो, सगळ्यांना एकच. वर्षानं नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा पोरगं संभाजीनगरच्या होस्टेलात, ओटीपी येतो गावातल्या ऑपरेटरच्या फोनवर, आणि ऑपरेटर लग्नाला गेलेला. नाहीतर त्यानं कामच सोडलेलं. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि दुसऱ्या वर्षी तुटली, अशा कहाण्यांच्या मुळाशी बघितलं तर पुष्कळदा एवढंच असतं. म्हणून आमच्याकडं नियम कडक आहे: माउस पोराच्या हातात, नंबर घरातला, पासवर्ड पोराच्या वहीत शेवटच्या पानावर, आणि ताई-दादांनी शेजारच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचं. सुरुवातीला त्यांना हे फार अवघड जातं. एका फॉर्मला वीस मिनिटांऐवजी दीड तास लागतो. लाइट जाते, सर्व्हर बसतो. पण ज्या लेकरानं स्वतः भरला ते पुढच्या वर्षी बहिणीचाही भरतं.

शेजारी बसण्याचा हा प्रकार आमच्याच डोक्यातून निघालेला नाही. २००८ साली अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तिथंही गरीब घरच्या मुलांना कॉलेजसाठी सरकारी मदत मिळते आणि तिचा फॉर्म असाच लांबलचक. कर भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात आलेल्या कुटुंबांपैकी काहींना शेजारी बसवून तो फॉर्म भरायला मदत केली. काहींना नुसती माहिती दिली, तुम्हाला किती मदत मिळू शकते याची. नुसती माहिती मिळालेल्यांत काही फरक पडला नाही. शेजारी बसून फॉर्म झाला त्या घरांतल्या बारावीच्या पातळीवरच्या मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण सुमारे ३४ वरून ४२ टक्क्यांवर गेलं. मी हे प्रशिक्षणात सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हंजे अमेरिकेत बी सेतू हाय तर.’ आहे.

आपल्याकडंही या वाटेवर चालणारी माणसं आहेत. मंठ्याला लागून बुलढाण्याचा लोणार तालुका; तिथल्या एका खेड्यातून आलेले राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळात एकलव्य सुरू केली. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना टाटा समाजविज्ञान संस्था, अझीम प्रेमजी विद्यापीठ अशा ठिकाणी पोचवायचं, असं ते काम. आमच्या काही गावांतली पोरं त्यांचं बघून तुळजापूरच्या टाटा संस्थेची चौकशी करू लागली, याचा मला आनंद आहे. आमचं काम त्याच्या आधीच्या पायरीवरचं. मोठ्या संस्थेचा अर्ज करायला आधी नाव जुळलेलं लागतं.

पोरींच्या बाबतीत मात्र कागद पुरे होऊनही गाडी अडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे ३५ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. महाराष्ट्राचा आकडा २२ च्या आसपास. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या बायकांची साक्षरता ६१ टक्क्यांच्या घरात. म्हणजे आज बारावीतल्या पोरीची आई दाखल्यावर अंगठा उठवणारी असण्याची शक्यता बरीच. अशा घरात जाऊन ‘मुलगी शिकली प्रगती झाली’ म्हणण्यात अर्थ नाही, ते भिंतीवर लिहिलेलंच आहे. बापाचे प्रश्न अगदी साधे असतात. होस्टेल कुठं? वॉर्डन बाई आहे का? शनिवारी येती का? एसटी किती वाजता? बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, बारावी संपली की तो संपतो, मग सवलतीचा पास काढायचा. शहरात बसून असा फरक लक्षातही येत नाही, पण कितीतरी पोरींचं कॉलेज या एका पासावर आणि शेवटच्या गाडीवर ठरतं.

बदनापूर तालुक्यातल्या एका ताईंची पद्धत मी आता सगळ्यांना शिकवते. त्या बापाला समजावत नाहीत. मुलगी, तिची आई आणि बाप अशा तिघांना घेऊन थेट होस्टेल बघायला जातात. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्च झेपतो. होस्टेलात गेल्यावर ताई बोलत नाहीत; आईला स्वयंपाकघर बघू देतात, संडास बघू देतात, वॉर्डनशी एकटीला बोलू देतात. परत येताना गाडीत आईच बोलायला लागते. एका बापानं होस्टेल बघून आल्यावरही नाही म्हटलं. ताईंनी हुज्जत घातली नाही. पोरीनं गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, ताई तिला म्हणाल्या, ‘हे बी कॉलेजच हाय.’ मला तेव्हा ते पटलं नव्हतं, पोरगी बी.एस्सी. नर्सिंगला गेली असती. ताईंचं म्हणणं असं की भांडण लागलं असतं तर बी.ए. पण गेलं असतं, आणि मागं धाकटी बहीण आहे.

पैशांबद्दल प्रशिक्षणात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेते: शब्द द्यायचा नाही. योजना आहेत, आणि कागदावर चांगल्या आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. पण पैसे मिळणार आणि पैसे कधी मिळणार, या दोन वेगळ्या गोष्टी. एका खासगी कॉलेजानं फी माफ असलेल्या मुलीला सांगितलं, आधी सगळी भरा, शासनाकडून आली की परत देऊ. बाप दोन शेळ्या विकायला निघाला होता. आमचा अभ्यासिकेवाला तरुण शासन निर्णयाची छापील प्रत घेऊन कॉलेजात गेला आणि प्राचार्यांना नम्रपणे म्हणाला, ‘सर, फी भरायचं हे आम्हाला लेखी द्या.’ लेखी कुणी दिलं नाही. हमीपत्रावर काम भागलं. हा पोरगा भरतीत पोलीस झाला असता तर बरा झाला असता, असं मला त्या दिवशी वाटलं. पण शेळ्या वाचल्या तरी होस्टेलची अनामत, मेस, पुस्तकं, गादी यांना रोख लागतेच, आणि ती शिष्यवृत्तीच्या आधी लागते. हा हिशेब घरात बसून, वहीवर, महिन्यावार मांडायचा. रक्कम ऐकून एखादं घर मागं हटलं तर हटू द्यायचं, आणि त्यांच्या आवाक्यातलं पुढचं कॉलेज काढायचं. निम्म्यातून परत आलेलं पोरगं गावातल्या पुढच्या पाच पोरांची वाट अडवतं.

राहता राहिला या माणसांच्या स्वतःच्या पोटाचा प्रश्न. दर प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, याचं मानधन कोण देणार?’ पेट्रोल, झेरॉक्स, फोन, बुडालेली मजुरी. आम्ही प्रवासखर्च देतो, त्यात भागत नाही हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. काही ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातून थोडं द्यायला सुरुवात केली, काही सरपंचांनी नुसता सत्कार केला. ग्रंथपाल म्हणाले, शाली चार झाल्या, आता एक प्रिंटर द्या. तो आम्ही मिळवला.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. पूर्वी दहावी झालेलं पोरगं टीसी घेऊन जवळच्या कॉलेजात जायचं आणि नाव लागायचं. आता पसंतीक्रम भरायचा, फेऱ्या बघायच्या, मोबाइलवर निरोप यायची वाट बघायची. पहिल्याच वर्षी एका गावातल्या पोरांनी पसंतीक्रमात पुण्याची नावाजलेली कॉलेजं टाकली, कारण यादीत ती दिसत होती, आणि घरापासून आठ किलोमीटरवरचं कॉलेज टाकायचं राहून गेलं. त्या गावच्या सीआरपी ताई आमच्यावर चिडल्या. तुम्ही बारावी-बारावी करताय, इथं दहावीतच पाय घसरू लागला. आमच्यात यावर बरीच वादावादी झाली. माझं म्हणणं, माणसं तेवढीच, दोन्हीकडं ताणली तर दोन्ही कच्चं राहील. ताई हटल्या नाहीत. शेवटी प्रशिक्षणाचा पहिला टप्पा जूनमधून काढून फेब्रुवारीत आणला, नावं जुळवायचा तास नववीच्या पालकांसाठीही ठेवला. पुढची तुकडी मंठ्याला आहे. सतरंज्या ग्रामपंचायत देणार, प्रिंटर ग्रंथपाल घेऊन येणार आहेत.